कूलर, माठ आणि दुपारचे तीन हंडे

गेल्या आठवड्यात शेणव्याच्या नाक्यावर चहा घेताना एकाने विचारलं, "भाऊ, कूलर घेऊ का नको? तुझ्याकडं हाय ना? गार करतो का?"

म्हटलं, करतो.

"मग माझ्या मेव्हण्याकडचा का नाय करत?"

मेव्हणा राहतो भिवंडीला. त्याच कंपनीचा, त्याच किमतीचा कूलर. उत्तर कटिंग चहात बसणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. लांब आहे. सावलीत बसून वाचा.

तीन वर्षांपूर्वी आईसाठी कूलर आणला. आईने सत्तरी ओलांडलीय, घर स्लॅबचं, आणि एप्रिलच्या दुपारी तिला धाप लागायला लागली. एसीचा हिशोब करून पाहिला, तो झेपला नाही. दुकानदार म्हणाला, "एसीच समजा, फक्त बिल येत नाही." आम्ही एसीच समजलो. दारं-खिडक्या गच्च लावल्या, पडदे ओढले, कूलर चालू केला. पहिला अर्धा तास स्वर्ग. दोन तासांनी खोलीत धोब्याच्या दुकानासारखा वास, डब्याबाहेर राहिलेले पापड सादळलेले, माझ्या जुन्या अंकांचे गठ्ठे ओलसर. आई उठून बाहेर गेली आणि म्हणाली, "यापेक्षा ओटीवर बरं."

पत्रकारितेच्या डिप्लोमाला माझ्यासोबत असलेला एक मित्र नागपूरला असतो. त्याला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "अबे, समोरची खिडकी उघड ना! कूलर लावून दार बंद करतं का कोणी?" विदर्भात पोराटोरांना माहीत असलेली गोष्ट आम्हा घाटाखालच्यांना माहीत नव्हती. तिथून माझं कुतूहल जागं झालं, आणि मग मागे मागे शोधत गेलो.

आधी माठापासून सुरुवात करतो, कारण कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच.

माठाला बारीक छिद्रं असतात. कुंभार मातीत राख, लीद, भुसा असं काहीबाही मिसळतो. भट्टीत लीद-भुसा जळून जातो आणि त्यांची जागा रिकामी राहते. तिथून पाणी पाझरून बाहेरच्या अंगाला येतं आणि वाळतं. पाणी वाळायला उष्णता लागते, ती ते माठातून आणि माठातल्या पाण्यातून ओढून घेतं. किती लागते? एक लिटर पाणी वाळून जाताना साधारण पाऊण युनिटच्या जरा खाली, ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. एक लिटर! म्हणजे शंभर वॅटचा बल्ब जवळपास पावणेसात तास जळून जेवढी उष्णता देईल, तेवढी. हे वाचलं तेव्हा मी दोनदा आकडेमोड करून पाहिली होती.

जुना माठ पाणी गार करत नाही अशी सगळ्या घरांतली तक्रार असते. आपल्या बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि माठाची कातडी बंद होते. म्हणून दरवर्षी नवा माठ. बाजारात आता रंग लावलेले, नळ बसवलेले, चकचकीत माठ येतात. दिसायला छान, पण ऑइलपेंट मारलेला माठ म्हणजे रेनकोट घातलेला माणूस. घाम बाहेर येणार कुठून?

यावरून आठवलं. मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलात की वर तो मोठा दगडी रांजण आहे. सहलीला आलेली पोरं विचारतात, वाटसरूंना गार पाणी द्यायला ठेवला होता का? नाही. तो जकातीचा, असं पूर्वापार सांगतात. दगडाच्या रांजणात पाणी तसं गार होणारही नाही, त्याला पाझर नाही. वाटसरूंसाठी घाटात खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, जुन्या शिलालेखांत अशा टाक्यांना पोढी म्हटलंय. सातवाहनांच्या काळची ही वाट. त्याच राजघराण्यातल्या हालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत पाणपोईवर वाटसरूला पाणी पाजणारी बाई भेटते. उन्हाळा आणि पाणी वाहणारी बाई, ही जोडी इतकी जुनी आहे. पुढे हिच्याकडे परत यायचंय.

माठ पाणी गार करतो. हवा गार करायची तर भिजलेल्या वस्तूतून वारा गेला पाहिजे. ही युक्ती राजेरजवाड्यांची. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय, की बादशहाच्या सूचनेवरून बांबूच्या चौकटीत वाळा भरून खोल्या करायला लागले आणि त्यावर पाणी मारलं की भर उन्हाळ्यात थंडी वाटायची. लेखक दरबारी, तेव्हा श्रेय बादशहाला जाणारच. वाळ्याच्या मुळ्या आपल्याकडेही माठात टाकतातच. पण पद्धत तीच, जी आज नागपुरातल्या कूलरच्या ताटीत आहे.

साहेबाने ती उचलली. उत्तरेत उन्हाळ्यात कोरडा, भाजणारा पश्चिमेचा वारा सुटतो. दाराला वाळ्याची ताटी बांधायची, बाहेर एक माणूस दिवसभर तिच्यावर पाणी मारत बसणार, आत साहेब बसणार. वारा पडला की ताटी निकामी. मग त्यावर यंत्र निघालं, त्याचं नाव थर्मँटिडोट, म्हणजे उष्म्यावरचा उतारा. मोठी लाकडी पेटी, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत फिरणारं पात्यांचं चाक. अलाहाबादला राहिलेल्या फॅनी पार्क्स या बाईंच्या १८५० साली छापलेल्या प्रवासवर्णनात हे यंत्र आहे. चाक फिरवायला माणूस, पाणी मारायला माणूस. त्या माणसांच्या जागी मोटर आणि पंप ठेवा, की झाला तुमचा कूलर. दोनशे वर्षांत बदललंय ते एवढंच.

पुढे रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांतही वाळ्याच्या ताट्या बसल्या. थळ घाट फोडून गाडी १८६५ साली वर चढली. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही आपलीच स्टेशनं. गोरे साहेब उन्हाळ्यात इथून इगतपुरीकडे जात असतील, तेव्हा खिडकीबाहेर रुळांच्या कडेला आपलेच कोणी आजे-पणजे खडी फोडत असतील. त्यांच्याकडे ताटी नव्हती. त्यांच्याकडे छागळ होती, ताडपत्रीच्या जाड कापडाची पाण्याची पिशवी. माझ्या लहानपणी मी ती ट्रकच्या पुढे लटकलेली पाहिलीय. पिशवी पाझरते, गाडीच्या वाऱ्याने वाळते, ड्रायव्हरला घाट चढून जाईपर्यंत गार पाणी. माठाचंच तत्त्व, फक्त न फुटणारं.

आता एक गंमत बघा. उत्तरेतला साहेब ताटीमागे बसून उन्हाळा काढत होता, मग मुंबई-ठाण्याचा साहेब काय करत होता? तो डोंगरावर पळत होता. १८५० च्या मे महिन्यात माथेरानवर चढला तो ह्यू मॅलेट कोण होता? ठाण्याचा कलेक्टर! त्याने माथेरान 'शोधलं' असं आपण शाळेत वाचलं. (ठाकूर, धनगर, कातकरी तिथे आधीपासून होते, ते काही हरवलेले नव्हते.) मला वाटतं यातच आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. कोकणपट्टीत ओल्या ताटीवर भागलं असतं, तर जिल्ह्याचा कलेक्टर ऐन मे महिन्यात जंगलातून डोंगर चढायला कशाला गेला असता? समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की तिला आणखी पाणी नको असतं.

भिवंडीच्या मेव्हण्याचं हेच झालंय. भिवंडी खाडीच्या काठी.

आणि शेणवा? आपण मधल्या पट्ट्यात. खाडी लांब, घाट जवळ. मार्च-एप्रिलच्या दुपारी घाटावरून कोरडा वारा येतो तेव्हा आपली हवा जवळजवळ देशावरची असते. मे सरकला, पश्चिमेचा वारा जोर धरू लागला की आपण परत कोकणात. एकाच गावात दोन हवामानं. हे नुसतं बोलून भागणार नाही म्हणून मी घरी मोजलं. कल्याणहून दोन साधे तापमापक आणले. एक तसाच टांगला. दुसऱ्याच्या बुडाला समईची लांब वात गुंडाळली, वातीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं आणि दोघांवर पंखा लावला. ओली वात वाळताना जितकी गार होते, त्याच्या खाली कूलर हवेला नेऊ शकत नाही, मग तो पाच हजारांचा असो की वीस हजारांचा. दोन्हींतल्या फरकाच्या साधारण पाऊण ते ऐंशी टक्के काम चांगला कूलर करतो.

माझ्या वहीतले गेल्या वर्षीचे आकडे सांगतो. हवामान खात्याचे नाहीत, माझ्या ओटीवरचे आहेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता कोरडा ४०, ओला २३. कूलरच्या तोंडाशी २७. चाळीसची हवा सत्तावीसवर! आई पांघरूण मागत होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोरडा ३६, ओला २८, कूलरसमोर ३०. चालेल, पण मजा नाही. जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आधीच्या त्या घुसमटीत कोरडा ३३, ओला २९, कूलरसमोर ३०. ऊन कमी, तरी जीव जास्त कासावीस. तेव्हा कूलरचा पंप बंद करायचा आणि नुसता पंखा चालवायचा. पंप चालू ठेवलात तर हवेत पाणी वाढतं आणि अंगावरचा घाम वाळायचा थांबतो.

घाम. इथे थोडं थांबतो, कारण हा भाग नुसत्या गारव्याचा नाही.

आपलं अंग हाही माठच आहे. घाम येतो, वाळतो, अंग गार राहतं. हवा दमट असली की घाम नुसता वाहतो, वाळत नाही. वाहून गेलेला घाम काहीच काम करत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला, उघड्या मैदानात, भर उन्हात. आपल्या तालुक्यातूनही लोक गेले होते. उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी तिथलं तापमान काही पंचेचाळीस नव्हतं, चाळीसच्या आतच होतं. नागपूरकराला तो आकडा हसण्यावारी वाटेल. पण खारघर खाडीच्या काठी आहे, सावली नव्हती, आणि लोक तासन्‌तास बसलेले होते. त्यानंतर मी बातमीत नुसतं 'पारा चाळीशीपार' लिहायचं सोडून दिलं. पारा अर्धीच गोष्ट सांगतो. ओली वात उरलेली सांगते, आणि म्हाताऱ्या माणसाचं, बाळंतिणीचं, शेतात राबणाऱ्याचं काय होणार ते ती वात ठरवते.

बरं, कूलर यायच्या आधी इथली माणसं काय करत होती? आमच्या आजोबांचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या, त्यावर माती-शेणाचा लेप, वर गवत, नंतर कौलं. ती मंगलोरी कौलं, बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला आणि पुढे सगळ्या कोकणपट्टीत पसरली. कुडातून वारा झिरपायचा. कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जायची. दुपारी आजी ओटीवर पाण्याचा हात फिरवायची, संध्याकाळी अंगणात सडा. शेणाने सारवलेली जमीन पाणी पिऊन घेते आणि सावकाश सोडते. पुढे मांडव, त्यावर जांभळीच्या डहाळ्या. या सगळ्यात पाणी किती लागायचं? एक-दोन तांबे. फार तर एक बादली. बाकीचं काम सावली आणि वारा करायचे.

मी कुडाच्या घराचे गोडवे गाणार नाही. पावसाळ्यात आजोबांच्या घरात विंचू निघायचे आणि भिंत दरवर्षी लिंपावी लागायची. ते कोण करायचं? आजीच. पक्कं घर हवंच. १९८५ साली इंदिरा आवास आली, २०१६ पासून पंतप्रधान आवास, आणि पाड्यापाड्यांवर माणसांच्या डोक्यावर छप्पर आलं हे चांगलंच झालं. पण छप्पर म्हणजे पत्रा किंवा सपाट स्लॅब. खिडक्या दोनच, त्याही एकाच भिंतीला, ओटी गायब. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. म्हणजे आपण जे घर बांधलं त्याला कूलर लागायला लागला. जे आधी होतं त्याला लागत नव्हता.

कूलर भारतभर आता जो दिसतो तो वाळवंटी प्रदेशांतला वाण आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात घरोघरी असे कूलर बसले. आपल्याकडे पत्र्याची पेटी, एक्झॉस्ट फॅन आणि गवताच्या ताट्या असा देशी अवतार दिल्ली, राजस्थान, विदर्भात रुजला. अहमदाबादेत १९८८ साली सिम्फनी कंपनी निघाली आणि प्लॅस्टिकचे सुबक कूलर दिवाणखान्यात शिरले. ताटीच्या जागी मधाच्या पोळ्यासारखे पुठ्ठ्याचे पॅड आले. हे पॅड चांगले, पण आपल्या जड पाण्याने दोन उन्हाळ्यांत पांढरे होतात आणि माठासारखेच बंद पडतात.

एसीचा जन्म मात्र नेमका उलट्या कामासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढायचं यंत्र केलं. मी ऑफसेटवर पावसाळ्यातले अंक काढलेत. मुख्यमंत्र्यांच्या चेहऱ्याला हिरवी सावली पडलेली पाहिलीय, त्यामुळे मला कॅरियरचं दुःख समजतं. एसी हवेतून पाणी काढतो, कूलर हवेत पाणी घालतो. म्हणून एकाला खोली बंद लागते, दुसऱ्याला उघडी. दुकानदार दोघांना भाऊ म्हणून विकतो.

विजेचं बोलायचं तर कूलर जिंकतो. दीडशे-दोनशे वॅटमध्ये चालतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास खातो. लाईट गेली तर कूलर इन्व्हर्टरवर चालतो. आपल्याकडचं व्होल्टेज तुम्हाला ठाऊक आहे.

पण मग कूलर खातो काय? पाणी.

आमच्या कूलरची टाकी चाळीस लिटरची. एप्रिलमध्ये दुपारी बाराला भरली की पाचला कोरडी. तासाला आठ लिटर. वरचा ०.६७ चा हिशोब लावा, तर हे पाणी दीड टनाच्या एसीइतकी उष्णता उचलतं. (ती गार हवा समोरच्या खिडकीतून निघून जाते, म्हणून खोलीत तेवढी जाणवत नाही. पण जायलाच हवी, नाहीतर पापड सादळतात.) आणि जेव्हा हवा सगळ्यात कोरडी, कूलर सगळ्यात गार, तेव्हाच तो सगळ्यात जास्त पाणी पितो. त्याच महिन्यात आपल्या विहिरी तळ गाठतात.

चाळीस लिटर म्हणजे तीन हंडे. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय, प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला, सगळ्याला मिळून. म्हणजे आमच्या घरात कूलर हा जवळजवळ एक जास्तीचा माणूस आहे. तोही दुपारीच जेवणारा.

ज्या तालुक्यात हे लिहितोय तो तालुका कोणता, ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १८९२ साली तानसा धरण झालं, १९५७ साली मोडकसागर, नंतर भातसा. आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. आणि दर उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या गाव-पाड्यांना टँकर लागतात. पाईपलाईन जिथून जाते तिथली बाई हंडा घेऊन उभी, हा फोटो मी स्वतः किती वेळा काढला असेल! भावलीचं पाणी येणार, येणार, ही बातमीही मी किती वेळा लिहिली ते आता मोजत नाही.

आता घरातली गोष्ट. पहिला उन्हाळा कूलर मी चालू करायचो आणि माझ्या कामाला जायचो. टँकरच्या बातम्या गोळा करायला. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये घरी लवकर आलो, तर बायको परसातल्या पिंपातून कूलरच्या टाकीत हंडा ओतत होती. मी सहज म्हटलं, आज दोन हंड्यांत भागलं वाटतं. ती म्हणाली, "अहो, तिसरा मगाशीच घातला. रोज तीन. तुम्हाला काय वाटलं, तो हवेवर चालतो?" नळाला तेव्हा दोन दिवसांआड पाणी होतं. पिंपातलं संपलं की ती आणि माझी वहिनी बोअरवर जायच्या, ऊन उतरल्यावर. मी दोन उन्हाळे त्या कूलरसमोर बसून महिलांच्या डोक्यावरच्या हंड्यांबद्दल लिहिलं होतं. माझ्या खोलीतल्या गारव्यासाठी कोणाच्या डोक्यावर हंडा आहे हे मला दिसलं नव्हतं. थर्मँटिडोटजवळ पाणी मारत बसणारा माणूस गेला असं मी वर लिहिलंय. गेला नाहीये. आपल्याकडे तो घरात आलाय.

आईला तर कूलर हवाच, त्यात तडजोड नाही. मग हिशोब बदलला. स्लॅबवर चुना मारला. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबू आणि हिरवी नेट लावून सावली केली. कूलर खिडकीबाहेरून आत वारा टाकेल असा बसवला, सावलीत, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. घरभर गारवा करायचा हट्ट सोडला, आईच्या खाटेवर झोत येईल एवढंच. चालवायचा बारा ते साडेतीन, आणि रात्री नुसता पंखा. पाणी दीड ते दोन हंड्यांवर आलं. धुण्याचं पाणी घालून पाहिलं होतं, पण साबणाने पॅड खराब होतो आणि वास मारतो, ते करू नका. तांदूळ धुतलेलंही नको. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासतो, क्षारांसाठी आणि डासांसाठी. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पाणी काढलं पाहिजे. निघालेलं पाणी मोगऱ्याला. आणि हात लावायच्या आधी प्लग काढायचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, आर्थिंग नसलेली पत्र्याची पेटी आणि ओले हात. आपल्याकडच्या जुन्या घरांत आर्थिंग आहे का, ते एकदा वायरमनकडून बघून घ्या.

टाकी आता मी भरतो. रोज जमतं असं नाही. ज्या दिवशी मी दौऱ्यावर असतो त्या दिवशी कोण भरतं ते तुम्हाला माहीत आहे.

तर नाक्यावरच्या भावा, तुझं उत्तर असं आहे. घर शेणव्यात असेल, समोरासमोर खिडक्या असतील, घरात म्हातारं माणूस असेल, तर घे. मार्च-एप्रिल तो तुला पैसे वसूल करून देईल, मेमध्ये निम्मं, जूनमध्ये पंखा समज. पत्र्याखाली राहत असशील तर आधी पत्र्यावर पेंढा टाक, मांडव घाल, ते कूलरपेक्षा स्वस्त आहे. मेव्हण्याला सांग, पंप बंद कर. आणि घ्यायच्या आधी वहिनीला विचार. पाणी कुठून आणायचं ते तिलाच माहीत असणार.

आजचे आकडे, दुपारी दोन वाजता, आमच्या ओटीवर : कोरडा ३९, ओला २४. टाकीत एक हंडा घातलाय. आई झोपलीय. नळाला पाणी उद्या येणार म्हणतात.